सावली काळी नसते

आपल्या कवितेत तीनच रंग उरलेत. काळा, लाल आणि निळा. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे रक्त आणि निळा म्हणजे आपण. या अंकासाठी येणाऱ्या कविता स्टेन्सिलवर कापायचं काम माझ्याकडं असतं, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो. 'काळोख' हा शब्द मी इतक्या वेळा कापलाय की आता न बघता कापू शकतो. काळोख आला की चार ओळींनी रक्त येतं आणि शेवटी सूर्य उगवतो. सूर्य उगवला की कविता संपली, कवी बिडी ओढायला मोकळा.

मी एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग खात्यात आहे. सुती कापड रंगवतो. आमच्याकडंही मुख्य डबे तीनच असतात, पिवळा, लाल, निळा. तेवढ्यातनं राखी निघतो, काथ्या निघतो, शेवाळी निघतो. पण ग्रॅम-ग्रॅम मोजून मिसळावं लागतं. नमुन्याची चिंधी वाळवून उजेडात न्यावी लागते. ट्यूबलाइटखाली ती एक दिसते, दारात उन्हात धरली की दुसरीच दिसते. हा आमचा रोजचा झगडा. डबा उघडून तसाच ओतला तर मास्तर गेटबाहेर काढील. कवितेत मात्र आपण डबा उघडतो नि ओततो, आणि वर त्याला विद्रोह म्हणतो.

हे मी अभ्यासवर्गात बोललो आणि बोलता बोलता फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं नाव काढलं. तेव्हा एका शिकलेल्या दोस्तानं मला झाडलं. म्हणाला, कमळांचे तलाव आणि छत्रीवाल्या बाया, बूर्झ्वा दिवाणखान्याची चित्रं आहेत ती, आपल्या माणसानं त्यात जीव काय घालवायचा? चार जणांनी माना डोलावल्या. त्या मानांसाठी हा लेख आहे.

आपल्याकडं या चित्रकारांबद्दल दोनच जातीची माणसं बोलतात. एक कलावादी, पांढरपेशी, ती 'प्रकाशाचं संगीत' वगैरे म्हणून डोळे मिटतात. डोळे मिटून चित्र कसं बघतात मला कळत नाही. दुसरे आपले, जे न बघताच शिक्का मारतात. मी ही चित्रं फोनच्या काचेवर पाहिली, रात्रपाळीच्या सुट्टीत, बोटांनी मोठी करकरून. फोनवर फक्त भूक वाढते. पण भूक वाढली म्हणूनच त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

आधी माणसं कोण ते बघा. पॅरिसमध्ये सलोन नावाचं सरकारी प्रदर्शन भरायचं. ज्यूरीनं आत घेतलं तर तुम्ही चित्रकार, नाहीतर तुमच्या चित्राला गिऱ्हाईक नाही. या ज्यूरीला कंटाळून तीसेक जणांनी १५ एप्रिल १८७४ ला, नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत, स्वतःचं प्रदर्शन भरवलं. स्वतःची संस्था, स्वतःची वर्गणी, तिकीट एक फ्रँक. मोनेच्या एका चित्राच्या नावात 'इम्प्रेशन' शब्द होता. लुई लरुआ नावाच्या पत्रकारानं त्यावरनं टर उडवली आणि तीच शिवी या लोकांनी पुढं नाव म्हणून मिरवली. असली शिवी उलटवून अंगावर घालणं आपल्याला नवीन नाही.

पण लगेच गळ्यात गळा घालू नका. ते काही गावकुसाबाहेरचे नव्हते. देगाचा बाप बँकवाला. कायबॉतला वारशात एवढं मिळालं की तो दोस्तांची चित्रंच विकत घ्यायचा. मानेचा बाप न्यायखात्यातला बडा अंमलदार. (एक माने आणि एक मोने. नावं ऐकून एक कोल्हापूरचा नि दुसरा पुण्याचा वाटतो. पण दोघं पॅरिसचे, आणि मानेनं या मंडळींच्या आठ प्रदर्शनांपैकी एकातही चित्र लावलं नाही.) रनवार मात्र आपल्या ओळखीचा निघाला. शिंप्याचा पोर. तेराव्या वर्षी चिनीमातीच्या कारखान्यात बशांवर फुलं रंगवायला बसला. मशीनवर छापलेल्या बशा आल्या आणि ते काम गेलं. मशीन आलं की हाताचं काय होतं हे त्याला पुस्तकातनं वाचावं लागलं नाही.

आता रंगाचं. अकादमीत शिकवण अशी होती की कॅनव्हासवर आधी तपकिरी अस्तर मारायचं. त्यावर काळ्या-तपकिरी रंगानं सावल्या बांधायच्या, काहीजण त्यासाठी डांबराच्या जातीचा बिट्युमेन वापरत. मग हळूहळू उजळत यायचं आणि शेवटी नाकाच्या शेंड्यावर, मोत्यावर, उजेडाचा ठिपका. म्हणजे जग मुळात अंधारच, उजेड ही वरून झालेली मेहेरबानी. आणि प्रत्येक वस्तूला तिचा नेमून दिलेला रंग. गवत हिरवं, बर्फ पांढरा, गोरी बाई गुलाबी. सावलीत तोच रंग, फक्त काळा मिसळून. वस्तू जन्माला आली तेव्हा चिकटलेला रंग मरेस्तोवर सुटायचा नाही. आपल्या देशात रंगाला आणि जन्माच्या पायरीला एकच शब्द आहे, वर्ण. तेव्हा ही शिकवण आपल्याला समजायला जड जाऊ नये.

या पोरांनी काय केलं, कॅनव्हासला पांढरं नाहीतर फिकट अस्तर मारलं आणि ते घेऊन बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. उन्हात बघितल्यावर पहिलं सुटलं ते काय, तर सावलीचा काळा.

मोनेचं 'मॅगपाय' नावाचं चित्र आहे, १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं. बर्फ पडलाय, काटक्यांचं कुंपण आहे, फाटकावर कावळ्याच्या कुळातला एक काळा-पांढरा पक्षी बसलाय. माणूस एकही नाही. कुंपणाची सावली बर्फावर पडलीय आणि ती निळी आहे. निळसर राखाडीसुद्धा म्हणवत नाही अशी निळी. १८६९ च्या सलोननं ते चित्र परत पाठवलं.

ती निळी का? यात चमत्कार नाही, साधी गोष्ट आहे. कुंपणानं सूर्य अडवला. आभाळ कुठं अडवलं? वर आख्खं निळं आभाळ उघडं आहे आणि त्याचा उजेड त्या सावलीत पडतोय. सावली म्हणजे उजेडाचा अभाव नव्हे, तिथं दुसऱ्या बाजूनं आलेला उजेड आहे. तो मंद आहे, पण आहे. शेजारचा बर्फ उन्हानं पिवळसर झालाय म्हणून निळा आणखी निळा दिसतो. खोटं वाटत असेल तर आभाळ मोकळं असेल अशा दिवशी दुपारी चार-साडेचारला पांढरं धोतर वाळत घाला, नाहीतर चुन्याची भिंत गाठा. कागदाला बोटाएवढं भोक पाडा आणि त्यातनं फक्त सावली बघा, बाजूचं काही दिसू देऊ नका. मग ऊन बघा. मग मला सांगा सावली कसल्या रंगाची होती. आपल्याला ती आजवर काळी दिसत होती, कारण 'काळी सावली' हे शब्द आपल्या डोळ्यांच्या आधी तिथं जाऊन बसलेले असतात.

शहाण्या लोकांनी यावर काय केलं ते ऐका. १८७६ साली रनवारनं झाडाखाली बसलेल्या उघड्या बाईचं चित्र लावलं. पानांतनं ऊन झिरपतंय म्हणून तिच्या अंगावर हिरवे-जांभळे कवडसे पडलेत. 'ल फिगारो' या बड्या पेपरात आल्बेर वोल्फ नावाच्या समीक्षकानं लिहिलं की हे सडत चाललेल्या प्रेताचं मांस आहे. गोऱ्या कातडीवर हिरवं दिसलं आणि गडी हादरला. उईस्मान्स हा तर मोठा कादंबरीकार. त्यानं १८८० च्या प्रदर्शनावर लिहिताना या मंडळींना निळ्याचं वेड लागलंय असं ठरवलं. त्या वेडासाठी त्यानं खास शब्द घडवला, निळीचा उन्माद अशा अर्थाचा, आणि वेड्यांच्या दवाखान्यातल्या रोग्यांशी त्यांची तुलना केली. म्हणजे यांचे डोळेच बिघडलेत. निळा रंग दिसला की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात अशी माणसं आपल्या ओळखीची आहेत. ती पॅरिसलाही होती एवढंच.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, ही मी जरा रेंगाळून सांगणार आहे.

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा सरकारी कारखाना आहे. भिंतीवर टांगायची मोठमोठी विणीव चित्रं तिथं मागावर विणतात. १८२४ साली तिथल्या डाइंग खात्यावर शेव्रल नावाचा केमिस्ट नेमला. आमच्या भाषेत डाइंग मास्तरच म्हणा. त्याच्याकडं तक्रार आली की काळा कच्चा आहे. निळ्या-जांभळ्या वस्त्राच्या चुण्यांमध्ये सावलीसाठी काळा धागा घातला की तो उठत नाही, मळकट दिसतो. आमच्याकडं अशी तक्रार आली तर काय होतं? आधी हेल्परला शिव्या, मग रंगवाल्या व्यापाऱ्याला फोन. शेव्रलनं दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या कारखान्यांतली काळी लोकर आणून ताडून बघितली. काळ्यात खोट नव्हतीच. खोट शेजारात होती. निळ्याच्या शेजारी ठेवला की काळा उतरतो, शेजार बदलला की तोच धागा गडद होतो. मग त्यानं सगळ्या रंगांच्या जोड्या लावून बघितल्या आणि १८३९ साली भलंमोठं पुस्तक छापलं. दोन रंग शेजारी आले की दोघेही बदलतात. निळ्याशेजारी नारिंगी पेटतो, हिरव्याशेजारी लाल पेटतो. पुढं चित्रकारांमध्ये याची चर्चा होत राहिली. पिसारोनं तर १८८६ च्या सुमाराला हाच नियम धरून ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं काढली.

कलेच्या पुस्तकांत हे एका ओळीत उरकतात, 'रंगविज्ञानाचा प्रभाव' म्हणून. विज्ञान कुठनं आलं? मागावरच्या तक्रारीतनं आलं. ज्या निळ्या-नारिंगीच्या झगमगाटाला दिवाणखान्यात दैवी म्हणतात, त्याचं मूळ धाग्याच्या लडीत आहे. दोस्ता, तू म्हणालास आपल्याला त्याचा काय उपयोग. अरे, ते आपल्याच खात्यातनं बाहेर गेलेलं ज्ञान आहे.

याच ठिकाणी एक भाकड समज खोडून टाकतो. सगळीकडं लिहिलेलं असतं की हे लोक निळा नि पिवळा शेजारी ठेवत आणि डोळ्यात त्याचा हिरवा होई. साफ खोटं. पिवळा ताणा आणि निळा बाणा घालून कापड विणा आणि लांबनं बघा. करड्या छटेचं काहीतरी दिसेल, रंगाच्या डब्यात निघतो तसा हिरवा नाही. डब्यातली मिसळ वेगळी, डोळ्यातली वेगळी. आणि मोनेचे फटकारे बोटाबोटाएवढे आहेत, ते डोळ्यात विरघळायला कितीतरी मागं जावं लागेल. ते विरघळावेत म्हणून मारलेलेच नाहीत. ते सुटे राहावेत, एकमेकाला ढुशा देत राहावेत आणि त्या ढुशांमुळं पाणी हललेलं दिसावं, म्हणून मारलेत. १८६९ साली मोने आणि रनवार सेन नदीच्या काठी ला ग्रनुयेर नावाच्या जागी शेजारी शेजारी उभे राहून पाणी रंगवत होते. ती दोन्ही चित्रं मिळवून बघा. धूपछाव लुगड्याचा पदर हलला की जे होतं ते पाण्यावर झालंय.

काळ्याचं पुढं सांगतो. १८७७ साली मोनेनं सँ-लाझार रेल्वे स्टेशनची चित्रं काढली. इंजिनं, वाफ, कोळशाचा धूर, लोखंडी छप्पर. काळा वापरायला याहून हक्काची जागा कुठली? त्यातलं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथल्या तज्ज्ञांनी त्याचा रंग तपासला तेव्हा आढळलं की इंजिनाच्या आणि छपराच्या त्या गडद भागात काळा असा जवळपास नाहीच. कोबाल्ट निळा, अल्ट्रामरीन, हिरवे, शेंदरी, किरमिजी, असे झगझगीत रंग एकमेकांत मिसळून तो अंधार बनवलाय. म्हणून तो मेलेला वाटत नाही. त्यातनं वाफ निघते.

लगेच नियम करू नका मात्र, आपल्याला नियम करायची फार घाई असते. रनवारनं १८७४ च्या 'ला लोज' या चित्रात बाईच्या झग्यावर काळे पट्टे असे ओढलेत की बघत राहावं. माने तर काळ्याचा उस्ताद. म्हणजे काळा बाटलेला नाही. कापड काळं दिसलं म्हणून काळा लावणं वेगळं, आणि अंधाराला काळाच लावतात म्हणून लावणं वेगळं.

रंग कुठनं आले हेही कलावादी सांगत नाहीत. निळा घ्या. अस्सल अल्ट्रामरीन अफगाणिस्तानच्या बदख्शान भागातल्या खाणीतल्या दगडापासनं व्हायचा, भाव सोन्याच्या बरोबरीचा. मेरीच्या अंगरख्याला लावायचा, तोही श्रीमंत गिऱ्हाइकानं पैसे मोजले तर. १८२४ साली फ्रान्समधल्या उद्योगधंद्याच्या एका संस्थेनं कारखान्यात हा रंग करून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. गिमे नावाच्या माणसानं ते १८२८ ला घेतलं. चिनीमाती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत भाजून निळा. तीच निळी पावडर पुढं धोब्याच्या हातात गेली, पांढऱ्या कपड्याला द्यायची नीळ म्हणून. देवीच्या अंगावरचा रंग परटाच्या बादलीत आला आणि मोनेच्या सावलीतही आला. कोबाल्ट निळा १८०२ चा, व्हिरिडियन हिरव्याचं पेटंट १८५९ चं. १८४१ साली रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं पिळायची धातूची ट्यूब काढली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, ती टोचून रंग काढायचा. ट्यूब आली म्हणून शेताच्या बांधावर उभं राहून तेलरंगात काम करणं सोपं झालं. उन्हातली चित्रकला म्हणजे निसर्गप्रेम असं जे सांगतात, त्यांनी त्यात केमिकलची भट्टी आणि पत्र्याची ट्यूब मोजावी.

आणि विषही मोजावं. त्या काळचा एमराल्ड हिरवा म्हणजे तांबं आणि सोमल. बर्फाचा तो सुंदर पांढरा शिशाचा. शिशाचा पांढरा करणारे आणि घरांना तो फासणारे कामगार शिशाच्या बाधेनं जायचे. १९२१ साली कुठं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं त्यावर बंधन घालणारा करार केला. आमच्याकडं आज कुठला शेड चालू आहे ते ओढ्याच्या पाण्यावरनं कळतं, त्यामुळं रंगाच्या मागं काय वाहतं हे मला कुणी शिकवायला नको.

आता दोस्ताच्या बाजूनं बोलतो, कारण त्याच्याकडं मुद्दा आहे आणि तो त्याला नीट मांडता आला नाही.

मे १८७१ मध्ये फ्रान्सच्या सरकारी फौजेनं पॅरिसच्या रस्त्यांत कम्यूनची हजारो माणसं गोळ्या घालून मारली. त्यानंतर तीनच वर्षांनी ते प्रदर्शन भरलं. त्यात नदी आहे, बाग आहे, नाटकगृह आहे. त्या रक्ताचा थेंब नाही. मानेनं बॅरिकेडवर पडलेल्या प्रेतांची लिथोग्राफं काढली, ती काळ्या शाईत. बाकीच्यांनी ऊन रंगवलं.

आणि देगा. हे चित्र गिरणीत काम करणाऱ्या प्रत्येकानं बघावं. १८७२ च्या शेवटी देगा अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला गेला, तिथं त्याचं आजोळ. मामा कापसाचा व्यापारी. १८७३ साली देगानं मामाच्या ऑफिसचं चित्र काढलं. काळे कोट, उंच टोप्या घातलेली डझनभराहून जास्त माणसं. पुढं मामा बसलाय, बोटांनी कापूस ओढून तंतू बघतोय, बरोब्बर बघतोय, कापूस तसाच बघतात. भाऊ पेपर वाचतोय. मध्ये टेबलावर कापसाचा पांढरा ढीग, आणि चित्रातला सगळा उजेड त्या ढिगावर. मँचेस्टरच्या एखाद्या गिरणीवाल्याला विकावं असं देगाच्या मनात होतं. शेवटी १८७८ ला पो गावच्या म्युझियमनं ते घेतलं.

तो कापूस वेचला कुणी? गुलामी कायद्यानं संपून आठच वर्षं झाली होती. शेतात तेच काळे हात होते. चित्रात एकही काळा माणूस नाही. फक्त त्यांच्या हातचा कापूस आहे, दुधासारखा उजळ. पुढच्याच वर्षी, १८७४ ला, तिथं व्हाइट लीग ही हत्यारबंद गोऱ्यांची संघटना उभी राहिली आणि देगाच्या आजोळची माणसं तिच्यात होती. देगा स्वतः तिथनं पत्रं लिहीत होता की इथला उजेड डोळ्यांना सोसत नाही. पुढं ड्रेफस प्रकरणात हाच देगा ज्यूंच्या विरोधात गेला आणि जन्मानं ज्यू असलेल्या पिसारोशी, जुन्या दोस्ताशी, त्यानं संबंध तोडले. रनवारही त्याच बाजूला. शिंप्याचा पोर म्हणून मी मघाशी त्याला जवळ केलं, ते तेवढ्यापुरतंच.

म्हणजे डोळा तयार झाला की माणूस तयार होतो असं नाही. हे मान्य. पण यावरनं तो डोळाच टाकून द्या असं जे म्हणतात, त्यांनी कायबॉतचं 'फरशी तासणारे' बघावं. १८७५ चं. लाकडी जमीन तासणारे तीन उघडे मजूर गुडघ्यावर बसलेत. मागच्या खिडकीतनं उजेड येतोय, तो त्यांच्या पाठीवरनं घसरत फळ्यांवर येतो. तासलेली फळी फिकट नि कोरडी, न तासलेली चकचकीत. किती काम झालंय आणि किती राहिलंय हे उजेडावरनं कळतं. सलोननं नाकारलं, १८७६ ला या मंडळींच्या प्रदर्शनात लागलं. काढणारा मालकाचा पोर आहे, घर त्याच्याच कुटुंबाचं आहे, हे सगळं खरं. तरी मजुराच्या पाठीची उजळ बाजू इतक्या लक्ष देऊन कुणी बघितली होती? मोनेनंही १८७५ ला नदीवर कोळसा उतरवणारी माणसं काढलीत, फळ्यांवरनं टोपल्या घेऊन ओळीनं चाललेली. त्यानं असं फार क्वचित केलं. बागांचे पैसे येत होते. १८९१ ला पॉप्लरची झाडं लिलावात निघाली तेव्हा त्यानं लाकूडवाल्याला पैसे देऊन, आपली चित्रं होईस्तोवर तोड थांबवली. वेळ विकत घेता येतो हे तिथं दिसतं.

पिसारो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. जन्म १८३० चा, कॅरिबियन बेटावरचा, त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या सेंट थॉमसचा. विचारानं अराजकवादी. आठही प्रदर्शनांत चित्रं लावणारा तो एकटाच. त्यानं १८८९-९० मध्ये भांडवलशाहीवर शाईच्या चित्रांचा एक आल्बम काढला, उपासमार, आत्महत्या, सावकार, सगळं एका शाईत, रागानं. आणि त्याच वर्षांत कॅनव्हासवर शेतात राबणाऱ्या बायका काढल्या, ऊन खाणाऱ्या, निळ्या-नारिंगी. शाईतला राग त्यानं रंगावर ओतला नाही आणि रंगासाठी राग सोडला नाही. आपल्यात असं करणारा कवी मला दाखवा.

शेवटी त्या सूर्याबद्दल. ज्या चित्रावरनं या मंडळींना नाव पडलं ते 'इम्प्रेशन, सनराइज', १८७२ चं, ल आव्र बंदराचं. मागं क्रेन, धुराडी, धुकं. पुढं होडी. निळसर करड्या आभाळात नारिंगी सूर्य. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलंय की या चित्रातला सूर्य भोवतालच्या आभाळापेक्षा जास्त उजळ नाही. उजेडाच्या मापानं दोन्ही जवळपास सारखे. फरक फक्त रंगाचा. फोनवर चित्र घ्या आणि त्यातला रंग काढून काळं-पांढरं करा, सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या या एका शाईच्या अंकात ते चित्र छापलं तर बंदर राहील, होडी राहील, सूर्य राहणार नाही.

आपल्या कवितांतले सूर्य नेमके उलटे. हजार कँडलपॉवरचे बल्ब, भोवती डांबरासारखा अंधार. मोनेनं सूर्य भडक केला नाही. त्यानं आभाळ नीट बघितलं.

म्हणून पुढच्या अंकासाठी कविता पाठवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. काळोख लिहायचा असेल तर कुठला ते लिहा. रात्रपाळीत जिगर मशीनच्या वाफेत ट्यूबलाइट पडते तो, की वस्तीतली लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात भाकरी थापली जाते तो, की वाड्याच्या मागच्या दाराला म्हातारी ताट धरून उभी असायची तिथला. हे तीन काळोख एका डब्यातले नाहीत. आणि सूर्य आणायचा असेल तर तो कुणाच्या भिंतीवर पडला, किती वाजता, आणि तिथं निळं काय दिसलं ते लिहा.

ज्याला हे पटत नाही त्यानं, माझ्या त्या शिकलेल्या दोस्तानंसुद्धा, लिहून पाठवावं. दोन फुलस्केपच्या आत. स्टेन्सिल मीच कापीन, एक शब्द न गाळता.